तिसरा दगड

अन्याय झाला तो जैनबखालांवर. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते त्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, दुपारी ग्रामसभा उठली तेव्हा. खालांच्या चार म्हशींना गावच्या तलावात उतरायला त्या दिवशी बंदी झाली, आणि वर्ष फिरायच्या आत चारही म्हशी गोठ्यातून गेल्या. ठराव ग्रामसभेने केला, तार ग्रामपंचायतीने ठोकली, पण ज्या कागदाच्या जोरावर हे झालं तो कागद मी लिहिला होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात गुपित काही नाही. उलट त्याबद्दल माझे सत्कार झालेत. जे ठाऊक नाही ते त्या कागदात काय नव्हतं, ते. म्हणून हे लिहिते आहे.

देऊळगाव राजाहून जालन्याकडे जाणारी बस सोडली की आमच्या गावाला चालत यावं लागायचं. तलाव आधी लागतो, मग गाव. आमचं घर तलावाच्या इतकं जवळ की पहाटे बगळ्यांची भांडणं अंगणात ऐकू यायची. त्यानंतर खालांच्या म्हशींच्या गळ्यातल्या लोढण्यांचा ठकठक आवाज, मग बादलीच्या कडीचा, मग दारात खालांची हाक, "वैशूची माय, दूध." एवढ्या आवाजांवर आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा, घड्याळाकडे कोणी बघत नसे. ते दूध इतकं दाट की माय त्यात निम्मं पाणी घालूनही चहा लालसर न होता पिवळट दिसायचा. सायीवर मी आणि धाकटा भाऊ भांडायचो. उन्हाळ्यात ज्वारीची भाकर त्या दुधात कुस्करून वर गूळ टाकला की दुपारचं जेवण झालं. खालांचं घर घाटाला लागूनच होतं. नवरा गेल्यावर त्यांनी म्हशींवरच मुलाला वाढवलं, सलीमला. ऊन चढलं की चारी म्हशी नुसत्या मान वर ठेवून पाण्यात बसायच्या आणि खाला काठावरच्या बाभळीखाली तांदूळ निवडत बसायच्या. उन्हात बसायला पाणी नसलं की म्हैस दूध चोरते, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

तलावाच्या वरच्या अंगाला शेडनेट. आमच्या तालुक्यात बियाण्याचं काम मोठं. मिरचीचं, टमाट्याचं, काकडीचं बी मोठ्या कंपन्यांसाठी तयार करून द्यायचं. पांढऱ्या जाळीच्या त्या खोल्यांमध्ये बाया सकाळपासून एकेका फुलाला हात लावत परागीकरण करतात. आमचंही शेडनेट होतं. बाबांचं दीड एकर, त्यातलं अर्धं जाळीखाली. त्याच्यावर आमचं घर उभं होतं, माझं कॉलेज होतं, भावाची शिकवणी होती. जाळीमागे कोंबडखताचे ढीग असायचे. वारा फिरला की तो वास घरात यायचा आणि माय चूल सोडून खिडकी लावायला धावायची. ढिगांच्या खालून एक नाला तलावात उतरायचा. उतरायचा काय, उतरतो. अजून तिथेच आहे.

कॉलेजात मला दोन गोष्टी एकाच वेळी शिकवल्या गेल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे मला कोणी सांगितलं नाही. पहिली आमच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी शिकवली. शेवाळांचा पेपर त्यांच्याकडे होता. वर्गात त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की रंगावरून नाव ठेवायचं नाही. हिरवं दिसतं म्हणून हिरवं शेवाळ म्हणालात तर मी शून्य देईन. डायटम हे त्यांचं वेड. एका पेशीचं शेवाळ, पण अंगावर काचेची डबी, झाकणासकट. पेशी मरते, डबी राहते. त्या डबीवरच्या रेघा, ठिपके, मधली फट पाहून नाव लावायचं. आधी दोन वाटे करायचे, गोल आणि लांबट. मग लांबट्यात मधे फट आहे की नाही. मग आकार. सिंबेला म्हणजे हुबेहूब करंजी. नॅव्हिक्युला होडी. गॉम्फोनेमा एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, मुसळाच्या पोरासारखं. आणि निट्झशिया, बारीक काडी, एकाच कडेला ठिपक्यांची ओळ. जे कुठल्याच वाट्यात बसत नाही ते फेकायचं नाही, बाजूला ठेवायचं आणि त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढायचं. मॅडमच्या हातची प्रश्नचिन्हं मोठी असायची.

दुसरी गोष्ट मला विद्यार्थी संघटनेने शिकवली. मी फीवाढीच्या मोर्चात गेले आणि तिथलीच झाले. आमच्या एका दादांनी मला पत्रक लिहायला बसवलं. त्यांचा नियम होता: एक पान, एक आरोपी, एक मागणी. दोन आरोपी लिहिले की वाचणारा विचार करायला लागतो, आणि विचार करणारा माणूस मोर्चात येत नाही. मला हे फार पटलं. माझा हात त्यात बसला. बसभाडं असो, वसतिगृहाचं पाणी असो, मी एका बैठकीत पत्रक उतरवायचे, आणि ते हातात धरून पोरी माझ्याकडे ज्या नजरेने बघायच्या त्याची चटक लागली मला. आजही लागलेली आहे. हे लिहितानाही हात सारखा एकाच आरोपीकडे धावतो, त्याला मी ओढून धरलंय.

त्या वर्षी होळीनंतर अवकाळी पाऊस झाला, चांगला झोडपून. मग कडक ऊन पडलं. आणि एका दुपारी तलाव लाल झाला. गढूळ लाल नाही. वर साय धरावी तसा लाल पापुद्रा, घाटापासून नाल्याच्या तोंडापर्यंत. बायांनी धुणं तिथेच सोडलं. संध्याकाळपर्यंत पारावर दोन मतं झाली. एक मत, देवीचा कोप. दुसरं मत हळू आवाजात होतं. ते असं की घाटाला लागून कोणाचं घर आहे बघा. कापाकापी करून धुतलं असेल, रगत आहे ते. माझ्या कानावर हे भावाने आणलं. खालांच्या घरी म्हशी पाळत, कापत नसत, हे पारावरच्या प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलं होतं. पण पाणी लाल होतं आणि नाव जैनब होतं. दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला अर्ध्या घरांनी दार उघडलं नाही. सलीमला कोणीतरी वाटेत अडवून विचारलं, काय बे, काय धुतलं तलावात. तो तेव्हा अकरावीला होता. घरी येऊन त्याने सायकल भिंतीवर फेकली.

मी धावले. हे मला सांगायचंच आहे, कारण यातलं तेवढं एकच मी नीट केलं. कॉलेजातून मॅडमचा जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. मॅडमनी तो पोरासारखा दुपट्ट्यात गुंडाळून दिला. लाल पाण्याचा थेंब काचेवर घेतला आणि बघितलं तर सगळं पळत होतं. चातीसारखे, मधे फुगलेले, दोन्हीकडे निमुळते जीव. आखडायचे, लांब व्हायचे, वळायचे. अंगभर लाल दाणे, आणि दाण्यांच्या खाली हिरवं. युग्लिना. पोहतं म्हणून प्राण्यांचे लोक त्याला आपल्यात ओढतात, हिरवं आहे म्हणून आम्ही शेवाळात धरतो. कुठेही ठेवा, रक्त नाही. मी सकाळी लवकर तलावावर जाऊन पाहिलं तर पाणी हिरवं. दुपारी लाल. ऊन वाढलं की हा जीव लाल दाणे अंगभर पसरतो, छत्री धरल्यासारखे. सावली झाली की आत गोळा करतो. गाव बघायला जायचं ते दुपारी, गर्दी करून. त्यामुळे गावाने लालच पाहिलं.

मी पारावर दोन काचेच्या बरण्या मांडल्या, मायच्या लोणच्याच्या. दोन्हीत दुपारचं लाल पाणी. एक उन्हात ठेवली, दुसरी मारुतीच्या गाभाऱ्याच्या अंधारात, पुजारीबुवांच्या परवानगीने. सगळ्यांना तिथेच बसवून ठेवलं. गप्पा झाल्या, बिड्या झाल्या. मग आतली बरणी बाहेर आणली. ती हिरवी झाली होती. बाहेरची लालच. लोक एक एक करून दोन्ही बरण्यांना नाक लावून पाहून गेले. मी विचारलं, रक्त अंधारात हिरवं होतं काय? मागे उभ्या असलेल्या खालांनी पदर तोंडावर घेतला होता. सलीम हसला, खूप दिवसांनी. त्या संध्याकाळी आमच्या घरी दुधाची बादली आली ती काठोकाठ, आणि खालांनी मायला पैसे देऊ दिले नाहीत. "तुही पोरगी नसती तं आज आम्ही गाव सोडून राह्यलो असतो," त्या म्हणाल्या. माय म्हणाली, अशी काऊन बोलता. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं की विज्ञान म्हणजे मी.

तिथे थांबायला हवं होतं. पण गावाला राग आला होता आणि तो रिकामा पडला होता. सरपंचांनी चारचौघांत विचारलं, बरं बाई, रक्त नाही, किडे आहेत. मग आले कुठून? प्रश्न बरोबर होता. युग्लिना माजतं ते पाण्यात खाद्य वाढलं की, शेणामुताचं, खताचं. कुठून येतं ते शोधायचं कसं, हे मॅडमनी शिकवलं होतं. पाणी वाहून जातं, दगड जागेवर असतो. दगडावर डायटम चिकटून असतात, आणि दगडाशेजारचं पाणी जसं असेल तशीच मंडळी तिथे टिकते. मी जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि तीन दगड घासले. पहिला टेकडीच्या बाजूचा, जिथे कोणी जात नाही. दुसरा म्हशींच्या घाटावरचा. तिसरा नाल्याच्या तोंडाशी, आमच्या शेडनेटच्या खालचा.

घासून निघालेला तपकिरी लगदा तीन बाटल्यांत आला. नुसत्या काचेच्या डब्या राहाव्यात म्हणून तो हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळावा लागतो. मी मायची तपेली घेतली आणि अंगणातल्या चुलीवर ठेवली. फेस उतू गेला. माय बाहेर आली, तपेली पाहिली आणि म्हणाली की ह्यात मी उद्यापासून वरण करणार नाही, तूच तुझ्या सासरी घेऊन जा ती. ती तपेली अजून माझ्याकडे आहे. सासर काही मिळालं नाही. स्लाइडा तयार झाल्या तेव्हा माय भांडी घासून हात पुसत आली आणि तिनेच सांगितलं, दाखव मले काय दिसते ते. पहिल्या दगडाची स्लाइड पाहून ती बराच वेळ उठली नाही. करंज्या, होड्या, मुसळं, रांगोळीचे ठिपके, किती तऱ्हा. तिला काच वाटेना, साखरेची चित्रं वाटली. दुसऱ्या दगडावर तऱ्हा कमी होत्या, पण होत्या. घाण होती, म्हशी बसतात तिथे असणारच. तिसऱ्या दगडाची स्लाइड तिने पाहिली आणि विचारलं, यात काड्याच काड्या दिसून राह्यल्या, बाकीचे कुठं गेले? निट्झशियाशिवाय काही नव्हतं. इतक्या दाटीने की एकमेकींवर पडल्या होत्या. मी म्हटलं, हा नाल्याचा दगड. पाण्यात जिथे खाद्य फार होतं तिथे हीच माजते. माय म्हणाली, "म्हणजे आपल्या खताचं." मी हाव म्हटलं. तिने उठून खिडकी लावली. त्या दिवशी वारा आमच्याच दिशेने होता.

कोणी मला गप्प राहायला सांगितलं नाही. हे मी पुन्हा लिहिते. बाबा त्या दिवसांत मिरचीच्या तोडणीत होते, त्यांनी स्लाइड पाहिलीही नाही. सरपंचांचं शेडनेट आमच्यापेक्षा मोठं, पण त्यांनी डोळा वटारला नाही. मला धमकी आली असती तर मी नक्की लिहिलं असतं, कारण धमकीला उत्तर द्यायचं मला शिकवलेलं होतं. धमकी आली नाही. मी स्वतःच्या हाताने, दिवसाढवळ्या, ओट्यावर बसून पत्रक लिहिलं. "आपला तलाव लाल का झाला?" हे मोठ्या अक्षरात. खाली युग्लिनाचं चित्र, मीच काढलेलं. खाली लिहिलं की सूक्ष्मदर्शकाने सिद्ध झालं आहे की पाण्यात शेणमूत वाढलं आहे. जनावरं तलावात उतरतात. मागणी: जनावरांना तलावबंदी. एक पान, एक आरोपी, एक मागणी. खालांचं नाव मी लिहिलं नाही. गावात तलावात बसणारी जनावरं कोणाची, हे लिहायची गरज नव्हती. लिहिताना मी स्वतःला सांगितलं की घाटाचा दगड मळका आहे हे खोटं नाही. एकेक वाक्य तपासून पाहिलं. एकही खोटं नव्हतं. मॅडमनी शिकवलेलं ते प्रश्नचिन्ह तेवढं कुठे काढलं नाही, आणि जो वाटा सगळ्यात मोठा होता तो ताटातून उचलून ठेवला.

पत्रकाचा गठ्ठा देऊळगाव राजाहून छापून आणला, गुलाबी कागदावर, आणि घरात ठेवला. मायने एक उचललं. ती चौथीपर्यंत शिकली, ओळीखाली बोट ठेवून वाचते. शेवटपर्यंत वाचून तिने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे कोरं होतं.

"तिसऱ्या दगडाचं काय झालं?"

मी म्हटलं, जागा नव्हती.

मायने कागद गठ्ठ्यावर परत ठेवला, कडा जुळवून. आणि चहा ठेवायला गेली. ग्रामसभेला अजून दोन दिवस होते. मागची बाजू कोरी होती. मी हे दोन्ही तेव्हा मोजलं नाही, आता रोज मोजते.

ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. एरवी गणपूर्तीसाठी माणसं घरून बोलवावी लागतात, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. माझं पत्रक वाचून दाखवलं गेलं. सरपंच म्हणाले, आपल्याच गावच्या लेकीने शास्त्राने सिद्ध केलंय. टाळ्या झाल्या. शेडनेटवाले सगळे पुढच्या ओळीत होते, बाबाही. खाला बायांच्या बाजूला, खांबाला टेकून. ठरावाआधी कोणाला काही म्हणायचंय का असं विचारलं तेव्हा त्या उठल्या. त्या फार बोलणाऱ्या बाई नव्हत्या.

"म्हशी माह्या सासूच्या हातच्या आहेत," त्या म्हणाल्या. "ती बी इथंच बसवत होती. पाणी तं औंदाच लाल झालं. मंग औंदा काय नवीन झालं, ते तं पाहा."

कोणीतरी मागून म्हणालं, खाला, आता शास्त्र खोटं पाडता काय. हशा झाला. मग खालांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी बोलेन. बरण्या मांडल्या त्या दिवशी बोलले होते तशी. त्या नजरेत तक्रार नव्हती, भरवसा होता, आणि मी तो भरवसा खाली मान घालून परत केला. सरपंचांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. मी पाहिले, भिंतीपासून भिंतीपर्यंत. माझाही होता. मायचा नव्हता. ती खालांच्या शेजारी बसली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीखाली होते.

पुढच्याच आठवड्यात घाटावर काटेरी तार आली. ऊन तापत गेलं. खाला हातपंपावरून बादल्या आणून म्हशींच्या अंगावर ओतायच्या. हातपंपाला तेव्हा धाप लागलेली. बाया ओरडायच्या की माणसांना पाणी नाही आणि तुम्ही जनावरांवर ओतता. बरोबरच होतं त्यांचं. दूध निम्म्यावर आलं, मग त्याहून खाली. आमच्या दारातली हाक बंद झाली. माय पिशवीचं दूध आणायला तयार होईना. ती काळा चहा करायची, पितळीत ओतून माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, दूध आता तूच आण. बाबांनी एकदा विचारलं की हे काय चाललंय. माय म्हणाली, पोरीला विचारा. बाबांनी मला विचारलं नाही. त्यांनी कपातला काळा चहा संपवला आणि शेतात गेले. मला तेव्हा कळलं की बाबांना सगळं ठाऊक आहे. नाल्याच्या वर ढीग कोणी रचले आणि अवकाळी पावसाने ते कुठे वाहून नेले, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज काय. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. त्यांच्या शेडनेटवर मी पुढे एम.एस्सी. केली, शेवाळांच्याच विषयात, पहिल्या वर्गात.

पहिली म्हैस पावसाळ्याच्या तोंडाशी विकली गेली, शेवटची दिवाळीनंतर. सलीमने बारावी अर्ध्यावर सोडली आणि जालन्याला सळयांच्या कारखान्यात लागला. तो आता तिथेच राहतो. मला रस्त्यात भेटला की मान हलवतो, थांबत नाही.

एम.एस्सी.ला असताना सुट्टीत एकदा मी खालांकडे गेले. गोठ्यात त्यांनी शिलाईचं मशीन मांडलं होतं, पिको-फॉलचं. दावणीचे खुंटे तसेच, त्यांना साड्या अडकवलेल्या. मी बसले आणि सगळं सांगितलं. तीन दगड, तपेली, काड्या, कोरी बाजू. रडले बहुतेक. खालांनी मशीनचा पाय थांबवला नाही. टीप पूर्ण झाल्यावर दोरा दाताने तोडला.

"मले काऊन सांगून राह्यली?" त्या म्हणाल्या. "माह्या म्हशीनं काही केलं नोतं, हे मले पयलेच मालूम होतं, बेटी. ज्याले मालूम नाही त्याले सांग."

मग त्यांनी चहा केला, पिशवीच्या दुधाचा. मी प्याले. त्याच्यानंतर किती वर्षं झाली. मी पाण्यावर भाषणं करते, जिल्हाभर फिरते, कारखान्यांच्या, अधिकाऱ्यांच्या विरोधात उभी राहते, मेहकरला, संग्रामपूरला, जिथे बोलावतात तिथे. व्यासपीठावर माझी ओळख करून देताना अजून सांगतात की हिने कॉलेजात असताना आपल्या गावचा तलाव वाचवला. मी नमस्कार करते. वरवट बकालला एका बाईने भाषणानंतर विचारलं की ताई, तुम्हाला कोणाची भीती नाही का वाटत. मी नाही म्हणाले. कलेक्टरची नाही वाटत. सरपंचाचीही नाही. ज्या पितळीत मला काळा चहा मिळाला त्या घराची वाटते. ज्यांनी फी भरली त्यांच्या पांढऱ्या जाळीची वाटते.

आणि या उन्हाळ्यात तलाव पुन्हा लाल झाला. अवकाळी पाऊस झाला, ऊन पडलं, पापुद्रा धरला, अगदी तसाच. तलावात म्हैस उतरून कित्येक वर्षं झाली. तार गंजली आहे, तिच्यावर आता बाया गोधड्या वाळत घालतात. शेडनेट मात्र दुप्पट झालीत, नाल्याच्या दोन्ही काठांनी. मला सरपंचांचा फोन आला. सरपंच आता दुसरे आहेत, आवाज तोच. ताई, एक पत्रक लिहून द्या, यंदा मला वाटतं बाहेरून येणारे मेंढपाळ असावेत. मी घरी गेले. जुना ब्रश घेऊन नाल्याच्या तोंडाशी उतरले, तोच दगड घासला. त्याच तपेलीत उकळला. माय शेजारी येऊन बसली, तिचे डोळे आता अधू झालेत, तरी तिने सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. काड्याच काड्या. तिने विचारलं, "ह्या खेपेला जागा आहे का?"

तर हा तो कागद. यात आरोपी एक नाही. मी आहे, बाबा आहेत, जाळी असलेलं प्रत्येक घर आहे, आणि पुढच्या ओळीत बसून टाळ्या वाजवणारे आहेत. दादांचा नियम मी मोडला आहे, पण मागणी एकच ठेवते. हे वाचणारे तुम्ही आमच्या गावचे असाल तर येत्या ग्रामसभेला या. ढीग नाल्यापासून हलवायचे आणि घाटाची तार उपटायची, एवढा एकच ठराव मी मांडणार आहे, आणि तो मांडताना खाला समोर बसलेल्या असतील, मी स्वतः त्यांना घेऊन येणार आहे. तुम्ही आमच्या गावचे नसाल तर तुमच्या गावी नाला असेलच, त्याच्या तोंडाशी दगड असेलच. तो उचला. आणि ज्या दिवशी कोणा एकाच्या दारावर सगळं गाव बोट दाखवायला लागेल, त्या दिवशी तो दगड घेऊन सभेत जा, टेबलावर ठेवा, आणि तो कोणाच्या शेताखालचा आहे ते मोठ्याने सांगा. तुमच्या शेताखालचा असला तरी.